तुमच्या चुका अस्सल मराठी आहेत

*नमस्कार बाई,*

*मी औसा तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, इंग्रजी पाचवीपासून. आयटीआयला फिटर केलं आणि गेली बारा वर्षं चाकणला आहे, त्यातली सहा एकाच लाइनवर. दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर झालो. काम येतं, पोरं ऐकतात. पण शिफ्ट सुटताना रोज इंग्रजीत मेल टाकावा लागतो, आणि तो मेल मला अख्ख्या शिफ्टपेक्षा जड जातो. व्याकरणाचं पुस्तक आणलं. पहिल्या पानापासून सुरू करतो, बारा काळांपाशी येतो आणि तिथंच बसतो. तीनदा झालं असं. रूमवरचा मित्र आधी कॉल सेंटरला होता. तो म्हणतो, व्याकरण-बिकरण सोड, बिनधास्त बोलत सुट. क्लासवाले सर म्हणतात, आधी बारा काळ पाठ करा, मग तोंड उघडा. कोणाचं ऐकू? वय ३४ आहे, आता जमेल का? आणि मेलच्या शेवटी काय लिहायचं असतं तेही सांगा. मागच्या आठवड्यातला एक मेल सोबत जोडतोय. हसू नका.*

*— बारा काळांत अडकलेला, चाकण*

हसले नाही. सवयीने लाल पेन घेऊन बसले होते, मेल दुसऱ्यांदा वाचताना ते खाली ठेवलं. वाचकांसाठी तुमचा मेल इथे देते. नावगाव काढलं आहे, आणि इंग्रजी देवनागरीत लिहिते आहे. देवनागरीत का, ते पुढे कळेल.

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम वर्किंग ऑन धिस लाइन सिन्स सिक्स इयर्स बट धिस प्रॉब्लेम इज फर्स्ट टाइम. यस्टरडे मशीन हॅज स्टॉप्ड ॲट थ्री फिफ्टीन. ऑपरेटर डिड नॉट इन्फॉर्म्ड मी. मेंटेनन्स इज नॉट हॅविंग स्पेअर. दे हॅव ऑर्डर्ड बेअरिंग. इफ बेअरिंग विल कम टुमॉरो देन वी विल स्टार्ट. काइंडली डू द नीडफुल."

काय बिघडलं, किती वाजता, कोणी सांगितलं नाही, आता कशावर अडलंय, हे सगळं साहेबांना कळलं असणार. म्हणजे मेलने आपलं काम केलं. तुमचा मित्र म्हणतो त्यात एवढं तथ्य आहे. पण बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं इनबॉक्समध्ये राहतं, हे सुपरवायझर झालेल्या माणसाला मी सांगायला नको.

पेन खाली का ठेवलं ते सांगते. या मेलमध्ये चुका आहेत, पण एकही चूक वेंधळेपणाची नाही. जवळजवळ प्रत्येक चूक मराठीच्या दृष्टीने बरोबर आहे. तुम्ही मराठीचं व्याकरण चोख पाळलंत, फक्त शब्द इंग्रजी घातलेत. चुका कुठून येतात ते सापडलं की बंदोबस्त करता येतो. तुमच्याच भाषेत बोलायचं तर, नुसता फ्यूज बदलत बसायचं की शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं?

तुमचं पहिलं वाक्य घ्या. "आय ॲम वर्किंग सिन्स सिक्स इयर्स." मराठीत आपण म्हणतो, मी सहा वर्षांपासून काम करतोय. करतोय, म्हणजे चालू वर्तमानकाळ. म्हणून "ॲम वर्किंग". सहा वर्षांपासून, म्हणून "सिन्स सिक्स इयर्स". काही चुकलं का? मराठीत नाही. पण इंग्रजीची दोन म्हणणी आहेत. एक म्हणजे, जे काम मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला नुसता वर्तमानकाळ पुरत नाही. मागचं टोक आणि आजचं टोक दोन्ही दाखवावी लागतात, म्हणून "हॅव बीन वर्किंग". दुसरं, आपल्या "पासून"चे तिथे दोन तुकडे होतात. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर "सिन्स": २०१९ पासून, सोमवारपासून, सकाळी सातपासून. लांबी सांगायची असेल तर "फॉर": सहा वर्षं, तीन दिवस, चाळीस मिनिटं. मी वर्गात सांगायचे, कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येत असेल तर सिन्स, पट्टीने मोजावं लागत असेल तर फॉर. सहा वर्षांवर बोट ठेवता येत नाही. म्हणून "आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस लाइन फॉर सिक्स इयर्स".

हे एक वाक्य तुमच्या जिभेवर बसलं ना, तर मराठी माध्यमातल्या निम्म्या लोकांच्या पुढे गेलात. मुलाखतीत हेच वाक्य पहिलं येतं आणि इथेच बहुतेक जण घसरतात.

आता "ऑपरेटर डिड नॉट इन्फॉर्म्ड मी". मराठीत, त्याने सांगितलं नाही. "सांगितलं" हा भूतकाळ, पुढे "नाही" लावलं की झालं. इंग्रजीत नकार आणि प्रश्न दोन्हींसाठी एक हेल्पर बोलवावा लागतो. त्याचं नाव "डू". प्रश्नाला आपण वाक्याच्या शेवटी "का" लावून मोकळे होतो. ते "डू"ला बोलावून दारातच उभा करतात. आणि हेल्पर आला की सगळं सामान तोच उचलतो. भूतकाळाचं ओझं त्याच्या डोक्यावर गेलं की "डू"चा "डिड" होतो, आणि मुख्य क्रियापद मोकळ्या हाताने चालतं: "डिड नॉट इन्फॉर्म". हेल्परच्या हातात पाना दिला की फिटरने तोच पाना धरायचा नसतो. "डिड यू वेंट", "डिड ही केम", "डिड नॉट इन्फॉर्म्ड", सगळीकडे दोघांनी एकच पाना धरलाय.

"डज"चंही तसंच. "द मशीन रन्स" बरोबर, पण प्रश्नात "डज द मशीन रन". तो शेपटीचा स हेल्परकडे गेला.

त्या "स"वरून आठवलं. क्रियापदाला लागणारा हा एकुलता एक स मराठी माणसाला कायम छळतो, आणि मला त्याचं नेहमी नवल वाटतं. आपण दिवसभर करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात असं न चुकता बोलतो. मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, म्हणजे क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाण्याच्या वस्तूमागे जातं, तेही चार वर्षांचं पोर बरोबर बोलतं. कर्मणी प्रयोग हे नाव त्याला दहावीपर्यंत माहीत नसतं, पण चुकत नाही. इंग्रजीने यातलं काही ठेवलेलं नाही, लिंग नाही, कर्माच्या मागे धावणं नाही. ठेवलाय तो एक स, आणि तोही वर्तमानकाळात, तो-ती-ते यांच्यापैकी एकट्यालाच. एवढं सोपं आहे म्हणूनच विसरतं की काय कोण जाणे. त्यात गंमत अशी की नामाला स लागला की अनेक, आणि क्रियापदाला लागला की एक. "द मशीन रन्स" आणि "द मशीन्स रन". स कोणातरी एकाकडेच राहतो, एवढं लक्षात ठेवा.

"मशीन हॅज स्टॉप्ड यस्टरडे" हे मात्र नीट बघा, कारण इथे चुकलं तर अर्थच बदलू शकतो. तुमच्या पुस्तकात याचं मोठं नाव असेल, ते सोडा. मराठीत हा फरक आहे: "मशीन बंद पडलं" आणि "मशीन बंद पडलंय". दुसऱ्यात ते अजून बंद आहे असा वास येतो ना? तोच वास "हॅज स्टॉप्ड"ला आहे. "जेवलात का?" या प्रश्नाला "जेवलोय" म्हणजे आता नको. "काल तिथे जेवलो" म्हणजे नुसती हकीकत. मराठी इथे थोडी सैल आहे, "मी त्याला कालच भेटलोय" हे आपल्याकडे चालून जातं. इंग्रजीत चालत नाही. वाक्यात काल, सकाळी, सव्वातीनला, मागच्या आठवड्यात असा संपून गेलेला वेळ आला की "हॅव-हॅज" बाहेर. म्हणून "द मशीन स्टॉप्ड ॲट थ्री फिफ्टीन यस्टरडे". उद्या मशीन सुरू झाल्यावर तुम्ही "द मशीन हॅज स्टॉप्ड" असं लिहिलंत, तर साहेब अजून बंदच आहे असं समजून फोन करतील.

आणि हो, "दे हॅव ऑर्डर्ड" तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. ऑर्डर दिलीय, माल यायचाय. म्हणजे हा काळ तुम्हाला येतो. पुस्तकाने घाबरवलं नव्हतं तिथे आपोआप आला.

"मेंटेनन्स इज नॉट हॅविंग स्पेअर" ही चूक मराठीची नाही, आम्हा मास्तरांची आहे. मराठीत कोणी "माझ्याकडे स्पेअर असत आहे" म्हणत नाही, "आहे" किंवा "नाही" म्हणतं. पण शाळेत आम्ही इज-ॲम-आर आणि आयएनजी इतकं घोकून घेतलं की ते कुठेही चिकटायला लागलं. साधी खूण सांगते. जे काम हाताने चालू ठेवता किंवा थांबवता येतं त्याला आयएनजी लावा: रनिंग, वेल्डिंग, चेकिंग. जवळ असणं, माहीत असणं, हवं असणं, समजणं यांना नको. "आय नो", "आय वाँट", "दे डोन्ट हॅव". यात अपवाद आहेत, जेवायला बसलेला माणूस "आय ॲम हॅविंग लंच" म्हणतो, कारण तिथे "हॅव" म्हणजे जवळ असणं नाही, खाणं आहे.

"इफ बेअरिंग विल कम टुमॉरो." आपण म्हणतो, बेअरिंग उद्या आलं तर. थांबा, आलं? उद्याच्या गोष्टीला भूतकाळ! मराठीत हे कोणाला खटकत नाही. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घालतं: "इफ द बेअरिंग कम्स". जर, जेव्हा, येईपर्यंत अशा अर्धवाक्यांत "विल" येत नाही, "विल" दुसऱ्या अर्ध्यात. यामागे तर्क काय म्हणून विचाराल, तर "आलं तर" मागे जो आहे तोच. भाषेची खोड.

उरला मोठा भिडू. तुमच्या मेलमध्ये जिथे जिथे "द" किंवा "अ" हवा होता तिथे मोकळी जागा आहे. मराठीत असले शब्द नाहीत असं सगळे सांगतात. शब्द नाहीत, पण कल्पना आहे. एक आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. दुसऱ्या वाक्यात आपण "एक राजा शिकारीला गेला" म्हणतो का? नाही, आता तो "राजा" झाला, ओळखीचा झाला. पहिल्यांदा भेटला तेव्हा "अ किंग", ओळख झाली की "द किंग". तुमच्याकडे: दे हॅव ऑर्डर्ड "अ" बेअरिंग. इफ "द" बेअरिंग कम्स. आधी एक बेअरिंग, मग तेच बेअरिंग. शंका आली की मराठीत "एक" किंवा "कुठलं तरी" घालून बघा, बसलं तर अ. "तेच ते, आपल्याला माहीत आहे ते" बसलं तर द. तुमच्या लाइनवरचं मशीन साहेबांना माहीत आहे, म्हणून ते पहिल्यांदा आलं तेव्हाही "द मशीन". मोजता न येणाऱ्या गोष्टींना अ लागत नाही, अनेकवचनाचा स पण नाही: ऑइल, ग्रीस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट. "इन्फर्मेशन्स" आणि "इक्विपमेंट्स" लिहिणारे इंजिनिअर मी पाहिलेत, तेव्हा त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता देवनागरीची गोष्ट. अ आणि ॲन यांचा नियम शाळेत ए-ई-आय-ओ-यू असा शिकवतात, आणि पोरं "ॲन युनिव्हर्सिटी", "अ अवर" लिहून येतात. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे, आणि उच्चार तर आपल्या लिपीत उघडा दिसतो. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर: अ हा स्वर, ॲन अवर. युनिट: य हे व्यंजन, अ युनिट. यूपीएस: अ. एचआर मॅनेजर: ए, म्हणून ॲन. वन-अवर स्टॉपेज: व, म्हणून अ. लंडनच्या पोराला ही सोय नाही. "द"चा उच्चारही याच हिशोबाने बदलतो, द मशीन पण दि ऑपरेटर. लिहिताना फरक पडत नाही, वाचताना गोड लागतं.

तुमच्या पुस्तकात पहिल्या धड्याला बहुधा शब्दांच्या आठ जाती असतील. त्या धड्यावर वेळ घालवू नका, तो तुम्हाला येतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे मराठीच्या तासाला तुम्ही शिकलात ना? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, तेव्हापासून आपल्या आठ जाती त्यांच्या आठ जातींना धरून बसल्यात. फरक एवढाच की आपलं शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं आणि त्यांचं नामाआधी. टेबलावर, ऑन द टेबल. मशीनमध्ये, इन द मशीन.

शब्दांच्या क्रमाबद्दल दोन शब्द, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं लटपटतं. "ऑपरेटरने सुपरवायझरला सांगितलं" आणि "सुपरवायझरला ऑपरेटरने सांगितलं", दोन्हीत सांगणारा एकच. ने आणि ला हे पट्टे गळ्यात आहेत, माणूस रांगेत कुठेही उभा केला तरी ओळखू येतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजून गेले. ही-हिम, हू-हूम अशा जोड्यांत थोडे उरलेत, आणि वर टांगलेला तो अपॉस्ट्रॉफीवाला स, आपला चा-ची-चे, तोही त्यातलाच. पट्टे गेले म्हणून आता रांगेतली जागाच बोलते. पहिला उभा तो करणारा, मग क्रिया, मग ज्याच्यावर केली तो. जागा बदलली की तुम्ही ऑपरेटरला सांगितलं असा अर्थ होतो, आणि चौकशी तुमची लागते.

मी स्वतः कशी आपटले तेही सांगते, म्हणजे वयाचा प्रश्न तुम्ही पुन्हा काढणार नाही. नोकरीला लागून सात वर्षं झाली होती, म्हणजे मी वर्गावर इंग्रजी शिकवत होते. एका प्रशिक्षणाला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "हॅव्हन्ट यू ब्रॉट युअर नोटबुक?" मी ठणकावून सांगितलं, "येस, मॅडम." मला म्हणायचं होतं, हो, नाही आणली. मराठीत आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. "जेवला नाहीस?" "हो ना, वेळच नाही मिळाला." इंग्रजीत प्रश्न कसाही आला तरी गोष्ट घडली असेल तर येस, नसेल तर नो. त्या बाई वहीसाठी हात पुढे करून माझ्यासमोर उभ्या, आणि मी हसतमुखाने त्यांच्याकडे बघतेय. अर्धा मिनिट तरी गेला असेल. आजही कोणी नकारार्थी प्रश्न विचारला की मी आधी त्या हाताकडे बघते. तेव्हा मी ३१ वर्षांची होते, तुमच्याहून फार लहान नाही.

तर कोणाचं ऐकायचं? क्लासवाल्या सरांचे बारा काळ म्हणजे तीन काळ गुणिले चार अवस्था, हा तक्ता आहे. तक्ता भिंतीवर लावायचा असतो, चढायचा नसतो. साधा, अपूर्ण, पूर्ण हे तुम्ही मराठीतही केलंय. तुमच्या शिफ्टच्या मेलला लागतात पाच: मशीन चालतं, मशीन चालू आहे, मशीन बंद पडलं, ऑर्डर दिलीय, उद्या सुरू करू. सहा वर्षांपासून काम करतोय हे वाक्य धरून साडेपाच म्हणा. "आय शॅल हॅव बीन वर्किंग" असलं काही मी नोकरीभरात पेपर काढण्यापलीकडे कधी वापरलं नाही. आणि शॅलचं ओझंही टाकून द्या, आय असो नाहीतर वी, "विल" चालतं.

मित्राचं बिनधास्तपण मात्र घ्या, तेवढं त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. आणि "इंग्रजीत विचार करा" हा सल्ला कोणी दिला तर मान डोलावून सोडून द्या. चौतिसाव्या वर्षी माणूस मराठीतच विचार करणार, मी अजून करते. फक्त दोन भाषांच्या वाटा कुठे फुटतात त्या जागा माहीत हव्यात, आणि त्या जागा तुमच्या मेलमध्ये तुम्हीच खुणा करून दिल्यात.

करायचं ते असं. एक साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर तुम्ही पाठवलेलं वाक्य, उजव्या पानावर सुधारलेलं, आणि खाली एका ओळीत कारण, मराठीत. "हेल्पर आला, पाना सोड." फक्त स्वतःची वाक्यं, पुस्तकातली नाहीत. मोबाइल चुका सुधारून देतो, त्याला नाही म्हणू नका, पण आधी स्वतः लिहा, मग त्याला दाखवा, आणि त्याने काय बदललं ते वहीत उतरवा. थेट त्याच्याकडूनच लिहून घेतलंत तर मेल सुधारेल, तुम्ही तिथेच राहाल. रात्री रूमवर तो मेल मित्राला मोठ्याने वाचून दाखवा. कॉल सेंटरचा कान आहे, कामाला येईल.

वाचायला काय, तर तुमच्या मशीनचं मॅन्युअल. मी गंमत करत नाही. त्यातली वाक्यं आखूड असतात, शब्द तुमच्या हाताखालचे, आणि अर्थ तुम्हाला आधीच माहीत. "डू नॉट ओपन द कव्हर व्हाइल द मशीन इज रनिंग." या एका ओळीत हेल्पर आहे, दोनदा द आहे, आयएनजी आहे. रोज अर्धं पान हाताने उतरवून काढा आणि प्रत्येक द खाली रेघ मारा, का आला असेल ते स्वतःला विचारा. मशीनवर चिकटवलेल्या पाट्यांवरून मात्र शिकू नका, तिथे जागा वाचवायला द आणि अ गाळलेले असतात.

पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे आलं २००० साली. तुम्ही तेव्हा तिसरी-चौथीत असणार, म्हणजे गाडी डोळ्यांदेखत गेली. पण पहिलीपासून शिकलेली पोरंही माझ्याकडे "डिड यू वेंट" घेऊनच यायची, तेव्हा त्या गाडीची फार हळहळ नको.

तुमचा मेल आता असा दिसेल: "डिअर सर, आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस लाइन फॉर सिक्स इयर्स, अँड धिस इज द फर्स्ट टाइम धिस हॅज हॅपन्ड. द मशीन स्टॉप्ड ॲट थ्री फिफ्टीन यस्टरडे. दि ऑपरेटर डिड नॉट इन्फॉर्म मी. मेंटेनन्स डज नॉट हॅव अ स्पेअर. दे हॅव ऑर्डर्ड अ बेअरिंग. इफ द बेअरिंग कम्स टुमॉरो, वी विल स्टार्ट."

शेवटाचं विचारलंत. "रिगार्ड्स" आणि खाली नाव, पुरे झालं. "काइंडली डू द नीडफुल" काढून टाका. ते जुन्या कचेऱ्यांतलं इंग्रजी आहे, आणि नीडफुल म्हणजे नक्की काय, हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. साहेबांनी परचेसवाल्यांच्या मागे लागावं असं तुम्हाला वाटतंय ना? मग तेच लिहा: "प्लीज आस्क परचेस टू सेंड द बेअरिंग बाय फोर ओक्लॉक." इथे "बाय"च हवं. आपल्या "पर्यंत"चेही दोन तुकडे होतात. चारपर्यंत थांबा, तिथे "टिल". चारपर्यंत पाठवा, तिथे "बाय". "सेंड टिल फोर" लिहिलंत तर चार वाजेपर्यंत एकामागून एक बेअरिंग येत राहतील, आणि ती उतरवून घ्यायला पुन्हा तुम्हालाच गेटवर जावं लागेल.